घराएवढा डंपर

खाणीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासूबाई बसल्या होत्या. डोळे तपासून त्यांची सून धावतच बाहेर आली.

"आई, पास झाले! सोमवारपासून डंपर चालवायला शिकायचं. गावातल्या सहा जणींना कंपनी शिकवणार आणि नोकरीही देणार!"

"अगं, हळू बोल! केवढा असतो गं तो?"

"आपल्या घराएवढा. शिडीनं चढावं लागतं."

"अगं बाई! पण ह्यांना काय सांगायचं? ह्यांचं आपलं एकच, खाणीत बाईचं काय काम!"

"तुम्हीच सांगा ना. मामंजींपुढे माझी बोबडी वळते."

"सांगते की! तीस वर्षं ह्यांचा डबा फाटकापर्यंत पोचवला, मला कधी कुणी आत सोडलं नाही. म्हणावं, आता सून आत जातेय. तिचा डबा तुम्ही पोचवा."