स्प्रिंग मिळत नाय

"मोडकं पिस्तूल, आन् उराशी धरलंय कसं बघा, नातवंडासारखं!"

मुरबाडच्या पोलीस ठाण्यात, निवडणुकीआधी परवान्याची हत्यारं जमा करायच्या रांगेत, एक बाई नवऱ्याला ऐकवत होती.

"हळू बोल गो. मोडलंय ते गावाला कळायला नको."

"मग दुरुस्त करा."

"स्प्रिंग मिळत नाय. कंपनीच बंद पडली. कल्याणचा कारागीर म्हणतो, तसलंच दुसरं जुनं शोधा, त्यातली काढून बसवतो."

"म्हंजे भंगाराला भंगार! त्यापरीस परवानाच परत करा."

"आन् शेताच्या बांधावरून कुणी अंगावर आलं तर?"

"कोण येतंय आता?"

"येईल कुणीबी."

"अहो, धाकट्या भावजींच्या भीतीनं घेतलेलं ना तुमी? त्यांना शिमग्यात तुमीच खांदा दिलात."