वर एकही नाणं पडलं नाही

हॅलो?… कोण, इंगुन? अगं, किती महिन्यांनी… थांब, वॅफलचं यंत्र बंद करते, करपेल… हं, बोल.

काय?… कधी?… आपला म्हातारा प्रोफेसर क्वामे गेला? अरेरे… नाही गं, मला कोण कळवणार… त्र्याण्णव? तरी वाईट वाटतंच.

हो, हो… त्याचा तो कोपरावर खडू लागलेला स्वेटर, जूनमध्येसुद्धा… आणि तो खिळ्यांचा फळा. वरून छर्रे सोडायचा, मधोमध ढीग झाला की असा बघायचा, जणू यानेच रचलाय. मी आयुष्यभर पूल बांधले, त्याचं संख्याशास्त्र निम्मं विसरले, पण तो ढीग अजून दिसतो बघ. ट्रॉन्डहाइमचे ते दिवस काही औरच होते.

शुक्रवारी अंत्यविधी?… चर्चनंतरच्या कॉफीला तू बोलणार? छान की. कुठली गोष्ट सांगतेस?… नाण्याची?

… खुर्ची ओढून बसते जरा. ऐकतेय.

ती नको गं… का म्हणजे… दुसरी सांग ना… हसतील, मान्य. पण तुला तेव्हा रडू फुटलं होतं, इंगुन. त्याने सांगितलं होतं, रविवारी खोलीवर बसून दोनशेदा नाणं उडवा, छापा की काटा ते ओळीने लिहून आणा. आणि सोमवारी त्याने तुझा कागद वर धरला. म्हणे, हा मनाने लिहिलाय, सलग सहा छापे किंवा सहा काटे लिहायला खोटं लिहिणाऱ्याचा हात धजत नाही. साठ जणांसमोर उभी राहून पुन्हा दोनशेदा उडवलंस तू. बेचाळीस वर्षं झाली.

हो… 'खरा कागद बघायचा तर टोरहिल्डचा.' म्हणाला होता. सलग आठ काटे होते माझ्याकडे.

अगं ऐक ना… मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही. मी नाणं उडवलंच नव्हतं. एकदाही नाही. माझा भाऊ आइविंड दोन वर्षं पुढे होता ना, त्याने सांगून ठेवलं होतं, म्हातारा सलग आलेले शोधतो, एक लांबलचक रांग घालून दे. दिली घालून. खोटा कागद माझा होता. शंभरात तीन-चार खरे कागद तुझ्यासारखे, सलग सहा न आलेले निघतातच, हे त्यानेच मार्चमध्ये फळ्यावर मांडलं, आणि मी तुझ्या शेजारी बसून मुकाट्याने उतरवून घेतलं. लाज वाटते गं मला.

काय?…

तुला माहीत होतं?… कधीपासून?… त्याच रविवारपासून?

… हो, तू खालच्या खोलीत होतीस… लाकडी जमीन, हो… माझी पेन्सिल पडली तरी तुला ऐकू जायची…

दिवसभरात वर एकही नाणं पडलं नाही… आणि तू बोलली नाहीस?… मी सांगेन म्हणून?… इतकी वर्षं?

… थांब गं. नाक पुसते.

शुक्रवारी मी येते. ती गोष्ट मीच सांगते, सगळ्यांसमोर.

… आत्ता? वेडी आहेस का?… बरं, बरं. पर्समध्ये एक क्रोनचं नाणं आहे… भोकाचं आहे, चालेल?… फोन टेबलावर ठेवते, हं.

एक… छापा. आला आवाज?

… मग ठेवू नकोस. अजून एकशे नव्व्याण्णव आहेत.