धाकटीची वाट

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे मालक. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले प्रमुख पाहुणे, आम्हाला तीस वर्षं चामडं पुरवणारे आणि दर वेळी 'याहून मऊ कुठेच मिळणार नाही' असं छातीवर हात ठेवून सांगणारे चामडेवाले काका. डाव्या हाताला बसलेले आमच्या मशीनांचे डॉक्टर, मेकॅनिकसाहेब. समोर बसलेल्या शिवण विभागातल्या माझ्या मैत्रिणींनो, कटिंग आणि पॅकिंगमधल्या बंधूंनो, आणि चहाचा वास आल्यामुळे मागे येऊन उभ्या राहिलेल्या शेजारच्या छापखान्यातल्या मंडळींनो, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या चष्मेवालीने मला पाच मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षांना पाच मिनिटं! पण तक्रार नाही. बोलणं हे आमचं काम नव्हे, आमचं काम मान खाली घालून शिवायचं. तेव्हा काही वेडंवाकडं गेलं तर आधीच सांगून ठेवते, ही शिवण कच्ची आहे.

आधी आभार. मला मिळालेल्या या चाकांच्या सुंदर बॅगेबद्दल आपणा सर्वांची मी ऋणी आहे. चेन मी बसल्या बसल्या दोनदा उघडून पाहिली, आपण पाहिलंच असेल. मोठे मालक हसताहेत. मालक, सवय जात नाही हो. कोपऱ्यावर शिवणाऱ्याने जरा घाई केली आहे, पण चालेल. या बॅगेची मला उद्याच गरज पडणार आहे. ते का, ते सांगायलाच खरं तर मी उभी राहिले आहे.

पाहुण्यांसाठी थोडं आमच्या कामाबद्दल. खांद्याला लावायची चामड्याची मोठी पिशवी, हल्ली जिला टोट म्हणतात, ती शिवताना उलटी शिवतात. बाहेरचं चामडं आणि आतलं अस्तर, दोन्ही उलटं. वरच्या काठाला दोघांच्या मध्ये चेन. मग चारी बाजूंनी शिवण मारायची, पण अस्तराच्या तळाशी वीतभर जागा मोकळी सोडायची. त्या मोकळ्या जागेतून सगळी पिशवी बाहेर ओढून काढायची, म्हणजे ती सुलटी होते. चामडं जाड असतं, घाम निघतो. पण त्या भोकातून पहिल्यांदा पिशवीचा तळ बाहेर येतो ना, तेव्हा एकतीस वर्षांनंतरही मला बरं वाटतं. त्या मोकळ्या जागेला आम्ही 'वाट' म्हणतो.

आता वाटेचा आमचा एक नियम आहे. पिशवी सुलटी झाली की वाट लगेच मिटवायची नाही. शेजारणीने आधी ती बघायची. म्हणजे आत हात घालून चाचपायचं, कुठे सुई राहिली आहे का, दोरा लोंबतोय का, कात्रीचं टोक लागून अस्तर फाटलंय का. शेजारणीने वाट बघायची आणि जिने पिशवी शिवली तिनेच ती मिटवायची. दुसरीच्या वाटेला टाका घालायचा नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण मी आले त्याच्या आधीपासून चालत आलंय. त्यामुळे आमच्याकडे दिवसभर एकच आरडाओरडा चालतो, "अगं, माझी वाट बघ गं!" "तिची वाट बघितली का?" छापखान्यातल्या मंडळींना वर्षानुवर्षं वाटत होतं की या बायका सतत कुणाची तरी वाट बघत असतात. हसू नका, तुमच्या फोरमननीच मला विचारलं होतं.

आणि मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते चामडं कापणारे कटरसाहेबसुद्धा याच घोळात सापडले. ते इथे नव्याने लागले तेव्हाची गोष्ट. पस्तिशीचा गडी, जाडजूड मिशा, बोलणं मात्र अगदी हळू. त्यांच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात दोन पिशव्या होत्या आणि शेजारच्या मशीनवर एक तयार होऊन पडली होती. मी त्यांना म्हटलं, "कटरसाहेब, जरा धाकटीची वाट बघा." ते "हो" म्हणाले आणि दारात जाऊन उभे राहिले. साडेअकरापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत! धाकटी गोदामात दोरे आणायला गेली होती. ती आली तर हे दारात ताठ उभे. तिने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" हे म्हणाले, "तुमची. मोठ्या ताईंनी सांगितलंय."

त्या दिवशी नऊ मशीनं बंद पडली होती हसून हसून. आणि कटरसाहेबांना नंतर अर्थ कळला तरी त्यांनी वाट बघणं काही सोडलं नाही.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. जुन्या मंडळींना आठवत असेल, नव्या मुलींना ठाऊक नसेल, कारण एकोणीस वर्षं मी तिचा विषय इथे निघू दिला नाही. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मी एकोणीस. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या वह्यांना कव्हरं मी घातली, आणि मोठी झाल्यावर तिला मशीनवर मीच बसवली. चामड्यावर सुई चालवताना श्वास कसा धरायचा, कड तासून पातळ कशी करायची, शिवण मारल्यावर ती हातोडीने कशी बसवायची, सगळं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी आज सांगतेय. तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एक दिवस सकाळी ती मला म्हणाली, "ताई, मी आणि कटरसाहेब लग्न करतोय. त्यांच्या गावी छोटं दुकान टाकणार आहोत, पिशव्यांचं. तूही चल ना." तूही चल म्हणाली हो ती. मला ते ऐकूच आलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की ही चालली.

आता त्याच दिवशी तिच्या हातून एक चूक झाली. आमच्या धंद्यात चारी बाजू शिवण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवावी लागते. बंद राहिली तर पिशवी आतल्या आत अडकते. वाटेतून हात घातला तरी उपयोग नाही, कारण चेन ओढायची पट्टी पलीकडच्या बाजूला राहते. मग शिवण उसवावी लागते. कापडाचं ठीक आहे, उसवलं आणि पुन्हा शिवलं. चामड्यात सुईचं भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. पिशवी वाया जाते. नवशिक्या मुलीच्या हातून होणारी ही चूक धाकटीच्या हातून पाच वर्षांत पहिल्यांदा झाली. मन ठिकाणावर नव्हतं तिचं, आनंदात होती.

आणि मी सगळ्यांसमोर उभी राहून तिला म्हणाले, "चेन उघडी ठेवायची अक्कल नाही आणि चालली दुकान टाकायला! चार दिवसांत रडत परत येशील."

मेकॅनिकसाहेब, तुम्ही तेव्हा खिडकीशी तेल घालत होता. तुम्ही बाहेर निघून गेलात. मला दिसलं होतं.

पुढचे चार दिवस ती आली, शिवत राहिली. घरी एका ताटाला बसलो तरी आमचं बोलणं मीठ दे आणि पाणी दे एवढंच. पाचव्या दिवशी मी उठले तर तिचं अंथरूण घडी घातलेलं. इथे आले तर माझ्या मशीनवर एक पिशवी ठेवलेली. तपकिरी चामडं, निळं अस्तर. अशी पिशवी मी आजवर दुसरी पाहिली नाही. टाका न् टाका सारखा. चेन अर्धी उघडी. वाट तेवढी मोकळी. आणि पट्ट्याला चिमट्याने चिठ्ठी लावलेली, तीन शब्दांची. "ताई, वाट बघ."

आता सांगा, मी काय समजायचं? इथली सगळ्यात जुनी कारागीर मी. दिवसातून पन्नास वेळा हे शब्द मी ऐकत होते. पण मी समजले ते दारात उभ्या राहिलेल्या कटरसाहेबांसारखं. मला वाटलं, ती म्हणतेय, थांब, मी येईन. मला तेच वाचायचं होतं, म्हणून मी तेच वाचलं.

पिशवी इथल्या माझ्या कपाटात ठेवली. वर्षातून दोनदा बाहेर काढून मेण लावलं. आत हात घातला नाही. मनाशी ठरवलेलं होतं, वाट तिची आहे, ती आली की सुई तिच्या हातात देईन आणि तीच मिटवेल. मग आम्ही भांडणही मिटवू. मेकॅनिकसाहेब मला दर वर्षी विचारायचे, "ताई, खिडकीपाशी एवढा छान उजेड आहे, तुम्ही मशीन दाराकडे तोंड करून का लावता? डोळे जातील." मी म्हणायचे, इथे वारा येतो. वारा कसला येतो साहेब त्या दारातून! त्या दारातून चामड्याचे गठ्ठे येतात आणि चामडेवाले काका येतात. एकोणीस वर्षं दार वाजलं की माझं पाऊल मशीनवरून उचललं जायचं. दर वेळी दुसरंच कुणीतरी असायचं. काका, तुमच्यावर मी कितीदा उगाच खेकसले, त्याचं कारण हे होतं. रागावू नका.

तुम्ही विचाराल, मग शोधलं का नाहीस? विचारा. मी स्वतःला रोज विचारते. पहिल्या वर्षी अभिमान आडवा आला. मग लाज वाटायला लागली. मग वाटलं, तिने थांबायला सांगितलंय, आपण आपलं थांबावं. थांबण्यात पाय दुखत नाहीत ना, सोपं असतं.

गेल्या शनिवारी मी कपाट रिकामं करायला घेतलं. पिशवी बाहेर काढली. म्हटलं, आता घरी न्यायची, तर अशी उघड्या अस्तराची कशी न्यायची? ती काही येत नाही. आता आपणच मिटवू. नियम मोडायचा म्हणून मनातल्या मनात तिची माफी मागितली, सुई ओवली. पण हाताला सवय असते. टाका घालायच्या आधी उजवा हात आपोआप वाटेतून आत गेला, चाचपायला. तळाच्या कोपऱ्यात बोटांना कागद लागला.

मी तो वाचून दाखवते. पाठ आहे, पण वाचूनच दाखवते.

"ताई, या वेळी चेन उघडी ठेवली आहे, बघ. दुकानाचा पत्ता खाली लिहिला आहे. दोन मशीनं घेतली. तुझं खिडकीशी लावलं आहे, तुला उजेड लागतो म्हणून. रविवारी ये. मी स्टँडवर उभी राहीन. नाही आलीस तर समजेन की तुझा राग गेला नाही, आणि मग मी पुन्हा त्रास देणार नाही. पण ये गं."

तो रविवार मला आठवतो. मी घरीच होते. दार सताड उघडं टाकून दिवसभर उंबऱ्यात बसले होते, ती येईल म्हणून. आणि ती तिकडे स्टँडवर उभी होती, मी येईन म्हणून. किती गाड्या आल्या असतील, आणि प्रत्येक गाडीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती बघत राहिली असेल. मला ती फार हवी आहे हो. एकोणीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मला ती नको होती, आणि ती समजून बसली आहे की ताईला मी नको.

चष्मेवाली घड्याळ दाखवते आहे. नाही? डोळे पुसते आहे. बरं. आवरतेच.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने मी निघते आहे. पत्ता एकोणीस वर्षांपूर्वीचा आहे. दुकान असेल, नसेल. ती दार उघडेल, न उघडेल. तुम्ही दिलेल्या बॅगेत आज रात्री कपडे भरणार आहे आणि खांद्याला तिची पिशवी घेणार आहे. वाट तशीच ठेवली आहे, टाका घातलेला नाही. सुई आणि निळा दोरा बरोबर घेतला आहे.

या एकतीस वर्षांत आपण मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मी आपणा सर्वांचे हात जोडून आभार मानते. माझ्या तोंडून कुणाला लागेल असं काही गेलं असेल, आणि गेलंच असेल, तर ते मनात ठेवू नका. मला उसवता येतं, भोकं बुजवता येत नाहीत. तेवढी पदरात घ्या.

जाता जाता एकच विनंती. आम्ही दोघी एकाच आईच्या, डोक्यानेही सारख्याच. समजा उद्या मी तिकडे गेले आणि नेमकी तीच इकडे आली, तर तिला दारातून परत जाऊ देऊ नका. खिडकीपाशी बसवा, चहा द्या. तिला सांगा, ताई तुझ्याच गावाला गेली आहे, येईल, तू तिची वाट बघ.

आणि कृपा करून, कुठली वाट, ते तिला नीट समजावून सांगा.