सरकारांच्या मोटारीचं चाक

—आलं जरा जाडंभरडं लागंल चहात, इब्राहिमभाई, तेवढं गोड मानून घ्या. दगडानं ठेचलंय. न्हाई, खलबत्ता हाय की घरात — म्हंजी खल हाय, बत्ता न्हाई. कुटं गेला? बत्ता सरकारांच्या मोटारीत हाय. हसू नका, खरंच सांगते. माझ्या माहेरचा, पोलादी, बापानं मुद्दाम लोहाराकडनं घडवून घेतलेला — त्येचं गोल डोकं माझ्या कादरनं कापलं, घासून घासून लिंबाएवढं केलं आन मोटारीच्या दांडीच्या टोकाला वाटी करून तीत बसवलं. आता त्यो तितं वाटीत फिरतोय, आन त्येच्या जिवावर रखमाजीराव इनामदार लोनावळाभर फिरत्यात. तुमच्या मेहरुनला सांगा, सासरी बत्ता न्हाई. पन का न्हाई, ते बी सांगा म्हंजी झालं. कादर? येईल की एवढ्यात. सरकारांच्या बंगल्यावर गेलाय — कामालाच, दुसरं काय! सरकारांचं त्येच्याबिगर पान हालत न्हाई. मधल्या मानसानं सांगितलं न्हवं तुमाला, नोकरी पक्की हाय म्हनून? मंग. घ्या की चहा, निवतोय.

कसली मोटार म्हंजी? तुमच्या आंबी गावापत्तोर गाजावाजा न्हाई आला? आवो, विकत घेतलेली मोटार न्हवं ती — घरी केलेली! सरकारांनी कुटल्याशा इलायती मासिकात फोटू बघितला. शर्यतीची मोटार, घोरपडीवानी लांबडी, वर टप न्हाई, दारं न्हाईत, आत एका मानसानं बसायचं आन दुसऱ्यानं घाबरायचं. झालं! सरकारांच्या डोक्यात किडा गेला. मुंबईच्या मोटारवाल्यांना शर्यतीत धूळ चारायची. मंग कुनाची तरी मोडकी अमेरिकेची मोटार आनली, तिचं वरचं सगळं काढून टाकलं, नुसता सांगाडा राहिला. आन कादरला बोलावलं. त्येचा बाप, आमचं मानूस, दस्तगीर मिस्त्री — रेल्वेच्या शेडमधी फिटर व्हतं, अल्ला त्येंना जन्नत देवो. लोखंडाला नुसतं बोट लावून सांगायचं, ह्ये दगा देईल का न्हाई. त्येंच्या हाताखाली कादर शिकला. पन सरकार म्हनले, डोकं माझं, हात तुझं. वेताची खुर्ची टाकून बसायचं, छत्री धरायला एक गडी, आन तितनं सांगायचं — ह्ये हितं लाव, त्ये तितं लाव. उंटावरनं शेळ्या हाकायच्या. आन गावभर सांगायचं, मोटार मी बनवतोय. कादर म्हनायचा, म्हनू दे आई, लोखंडाला ठावं हाय कुनी बनवली.

आता ह्येच्यातली मेख ऐका. मला बी आधी कळत नव्हतं, कादरनं चुलीपुढं लाटनं-पोळपाट मांडून समजावलं. मोटारीच्या पुढच्या दोन चाकांच्या मधी एक आडवी दांडी असती. ती सरकली की चाकं वळत्यात. दांडीला ढकलनारा एक लोखंडी हात असतो, आन त्यो हात हलवनारी एक पेटी. आपन वर श्टेरिंगचं चाक फिरवायचं, ते पेटीला कळतं, पेटी हाताला सांगती, हात दांडीला. आपल्या तलाठ्या-मामलेदारागत चाललंय सगळं, एकानं दुसऱ्याला सांगायचं. तर अमेरिकेतली मानसं मोटारीत डाव्या अंगाला बसत्यात. आपल्याकडं उजव्या. मंग कादरनं पेटी सोडवली, उजवीकडं आनली, तर ती बसंना — इंजिन आडवं येतंय. पोरानं काय केलं, पेटी पालथी घातली. पालथी अशी झकास बसली, की बास! मंग रेल्वेच्या भंगारातला, डब्याखालच्या कमानीचा पोलादी पाटा तापवून त्यो हात घडवला, दांडी घडवली, माझा बत्ता खाल्ला — सगळं ठाकठीक. पन पेटी पालथी घातली की जो हात दांडीला ढकलायचा त्यो वढायला लागला. कळलं का? चाक उजवीकडं फिरवलं, की मोटार डावीकडं! व्हय, चूक झाली. कादरचीच झाली, मी कशाला झाकू? एकदा अंगनात फिरवून बघितली असती तर त्येच सांजच्याला उमगलं असतं आन दुसऱ्या दिशी सुधारलं असतं. पन सरकारांचा हुकूम — माझ्याआधी त्या चाकाला कुनी हात लावायचा न्हाई. मुहूर्त काढलाय!

मुहूर्ताला तुमी असायला पायजे व्हता, इब्राहिमभाई. नारळ काय, वाजंत्री काय, मोटारीला झेंडूची माळ — नवरीला घालत न्हाईत एवढी. सरकार बसले. फाटकातनं उजवीकडं वळायचं, तितं पाटावर सुवासिनी आरत्या घेऊन उभ्या. सरकारांनी ऐटीत चाक उजवीकडं फिरवलं. मोटार गेली डावीकडं, थेट कोंडाजीच्या गवताच्या गंजीत. सरकार दिसंनात. नुसतं गवत हालतंय. वाजंत्रीवाले थांबले. कादर पळत गेला, म्हनला, सरकार, माझी चूक झाली, पेटी उलटी बसलीया, आजच्या आज काढतो. तंवर सरकार गवत झटकीत उभे राहिले, आन म्हनले — आजून माझ्या कानात हाय — म्हनले, “शाबास! अगदी मला पायजे व्हतं तसं!” आता एवढ्या लोकांपुढं काय म्हनतील बिचारे? डोकं त्येंचं न्हवं का! दिवानजी लगेच म्हनले, इलायतेत सगळ्या नव्या मोटारी अशाच येत्यात. आन कोंडाजी — ज्येची गंजी! — त्यो हात जोडून म्हनतोय, सरकार, माझीच गंजी वाटंत व्हती. राजा बोले दल हाले म्हनत्यात, हितं राजाचं बोलनं सरायच्या आधीच दल डुलाय लागलं. त्या दिशीपासनं हुकूम निघाला, की सरकारांची मोटार सरळ हाय. आन कुनी तिला उलटी म्हनायचं न्हाई.

न्हाई न्हाई, सरकार शिकले की ती चालवाय! हट्टी मानूस, पडवीत सुपाचं चाक करून सराव करायचे. उलट्या हातानं सुलट चालवाय शिकले, माळावर अशी पळवायचे की बघत राहावं. बंगल्यावरची मानसं बी शिकली. फाटकावरचा दत्तोबा, सरकारांचा हात डावीकडं फिरला की उजवं फाटक उघडायचा. दिवानजी तर चालताना बी डाव्या वाटंला उजवी म्हनाय लागले, वहिनीसाहेबांना मंडईत न्यायचं तर नदीवर नेऊन सोडलं एकदा. आन बंगल्याचा टांगेवाला हौशीराम! त्येला वाटलं, आपन बी सरकारांना खूश करावं. लगाम उलटा वढायला लागला. पन घोडं ते, जनावर, त्येला कुटली आलीया रीतभात? त्ये आपलं वढंल तिकडं सरळ जायचं. शेवटी सरकारांनी घोडंच विकलं. कादर मातर रोज जाऊन म्हनायचा, सरकार, एक पेटी सुलटी बसवू द्या. कुनाला कळनार न्हाई. सरकार म्हनायचे, कादर, तुला कळतंय न्हवं? म्हंजी एकाला तर कळलंच की.

चहा घेत न्हाई तुमी. साखर कमी पडली का? — बरं, बरं, बोलते. नोकरीचंच बोलते. तर पाऊस सरताना एक गोरा साहेब आला पुन्याहून, लय बडा. सरकारांनी त्येला मोटारीत घातलं, भुशीचं धरन दाखवतो म्हनून. दोघं दाटीवाटीनं आत, कादर मागं सांगाड्याला धरून उभा. वळनावर सरकारांनी चाक फिरवलं डावीकडं, बराबर त्येंच्या रितीनं — मोटार उजवीकडं वळायच्या बेतात. पन साहेबानं काय बघितलं? डावीकडं वढ्याचं पानी, आन ह्यो मानूस चाक डावीकडंच फिरवतोय! साहेबानं जीव खाऊन चाक धरलं आन शहान्या मानसावानी उजवीकडं फिरवलं. मोटार वढ्याकाठच्या भाताच्या खाचरात, नाकावर! साहेबाची टोपी पान्यावर तरंगत पुढं, साहेब मागं. सगळ्या मुलखात एकच मानूस चाक सरळ फिरवायला गेला, आन त्येनंच मोटार बुडवली. हात दाखवून अवलक्षन!

वर आल्यावर साहेब लालबुंद. ह्ये चाक उलटं हाय काय म्हनतोय. सरकार म्हनले, छे, छे, सरळ हाय, आपनच साहेब मधी हात घातला. साहेबानं कादरकडं बघितलं. सरकारांनी बी कादरकडं बघितलं — असं डोळं वटारून. आन माझं पोरगं, इब्राहिमभाई, गुडघाभर चिखलात उभं राहून म्हनलं, “उलटं हाय साहेब. माझ्याच हातनं झालंय.” बास! एवढंच म्हनलं. त्येच दिवशी सरकारांनी...

अवो, बसा की. न्हाई, काढलं असं न्हवं... घरी बसवलंय. थोडं दिवस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनत्यात, आन मी हितं बसून पाची बोटं उघडी केली. माझी जीभच मेली अशी हाय. मधल्या मानसाचा दोष न्हाई, त्येला बी मीच सांगितलं पक्की नोकरी म्हनून. पन ऐका, आज सकाळीच कादर बंगल्यावर गेलाय. मीच धाडलाय. पदर पसरला त्येच्यापुढं. म्हनलं, बाबा, पोरीचा बाप आज येनार हाय, तू नुसतं जा आन एवढं म्हन, की सरकार, मोटार सरळ हाय, माझीच समजूत उलटी झालती. एवढंच तर सरकारांना पायजे. एवढं बोलला की नोकरी परत. सरकारांना बी दुसरा मिस्त्री गावंना झालाय, खाचरात ती दांडी वाकली, माझा बत्ता त्यो बी चिखलात... एक शबुद बोलायचा. काय जातंय?

तुमी छत्री का उचलली? मेहरुनच्या डोक्यावर छप्पर पायजे, व्हय, बरूबर हाय, बाप हाय तुमी. मी बी आईच हाय. पन कडूला कडू म्हननारा नवरा नको का पोरीला? तुमच्या दुकानात काटा खोटा असंल तर तुमी झोपाल का? — झोपाल? बरं. मंग जावा. अल्लाकसम सांगते, मला वाटतंय त्यो तितं जाऊन गप उभा ऱ्हाईल. तोंड उघडंल तर खरंच बोलंल. त्येच्या बापानं बी शेडमधी एकदा साहेबाला सांगितलं व्हतं, ह्ये इंजिन घाटात नेऊ नका, आन न्हाई नेऊ दिलं. बढती गेली, पन मानूस नीट झोपायचं. त्येचं रगात हाय कादरमधी. म्हना तुमी येडी, मला त्येचा लय अभिमान हाय. सकाळी मी त्येला लावून दिलं, त्येचीच आता लाज वाटाय लागलीया. जावा, जावा. टेसनाला जायचं तर चिंचंपासनं उजवीकडं वळा — आन सरकारांच्या मानसाला वाट इचारू नका.

थांबा. भोंगा ऐकलात? ही... ही तीच की. सरकारांची मोटार! आपल्या आळीत येतीया. आन आत — या अल्ला — कादर हाय! एकलाच. डोक्याला लाल फेटा बांधलाय, सरकारांच्या मानसाचा. घेतला, परत घेतला त्येला! इब्राहिमभाई, चपला काढा, या आत. मी म्हनलं नव्हतं? पान हालत न्हाई त्येच्याबिगर! म्हंजी त्येनं वाकलेली दांडी नीट केली, पेटी बी सुलटी केली असनार. सरकारांना पटवलंच शेवटी. खऱ्याला उशीर व्हतो, पन — बघा, बघा, आता चिंचंपाशी आपल्या अंगनात उजवीकडं वळंल. नीट बघा त्येचं हात.

...

व्हय. आली की. उजवीकडंच वळली.

हात? हाताचं काय? न्हाई हो, डावीकडं कशाला फिरवंल, तुमच्या डोळ्यावर ऊन येतंय तितनं. मी बघितलं न्हवं! त्यो खाली का बघतोय म्हंजी — दमला असंल. बसा. नोकरी पक्की झाली, आता काय. हा चहा पार निवला, दुसरा करते. व्हय, आलं घालते. दगडानंच ठेचते.

सरळ हाय, इब्राहिमभाई. सरळच हाय ती.