पर्वत पाटिया येथील सशांचे पिंजरे उघडल्याबाबत

मी, सौ. सुंदरा सुकदेव पाटील, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार लिंबायत, सुरत, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी पर्वत पाटियाजवळच्या एका खाजगी प्रयोगशाळेत सशांना चारा-पाणी देण्याचे व पिंजरे धुण्याचे काम करते. माझे पती सुकदेव पूर्वी कापडाच्या लूमवर कामाला होते. १९९५ साली रिक्षा उलटून त्यांच्या उजव्या नडगीचे हाड मोडले. पुढे ते सडल्याने तुकडा काढावा लागला. तेव्हापासून ते कुबडीवर आहेत. घरी एकटे बसवत नाही म्हणून माझ्यासोबत कामावर येतात.

प्रयोगशाळेतील डॉ. जरीवाला यांनी सशांच्या पायात हाडाच्या जागी प्लास्टिकचा तुकडा बसवला होता. त्यावर पांढरा थर असतो व त्या थराला हाड धरते, असे त्यांनी आम्हाला समजावले होते. सशांत जमले तर पुढे माणसांत, आणि त्यात सुकदेवभाईंचे नाव घालू, असेही म्हणाले होते.

गेल्या आठवड्यात एक ससा पाय टेकून चालू लागला. माझ्या पतींनी मला हाक मारून दाखवला. डॉक्टर खूश झाले व म्हणाले, "आता याला मारून हाड कापून बघू."

ते गेल्यावर माझे पती म्हणाले, "तो आत्ते पाय टेकस, नि आत्तेच मारतीन का त्याले?" तुमच्याच पायासाठी चाललंय, असे मी म्हणाले.

काल सकाळी मी गवत आणायला गेले होते. परत आले तेव्हा पिंजरे व मागचा दरवाजा उघडा होता. माझे पती उंबऱ्यावर बसले होते. प्रयोगशाळेच्या मॅनेजरने तक्रार दिली आहे तशी चोरी झालेली नाही. पिंजरे माझ्या पतींनी उघडले.

डॉक्टर त्यांना म्हणाले, "सुकदेवभाई, हे सगळं तुमच्याच पायासाठी होतं."

"माले माहीत व्हतं," असे माझे पती म्हणाले.

बाकीचे ससे झुडपांत सापडले. पाय टेकणाऱ्याला कुत्र्यांनी मारले होते. डॉक्टरांनी त्याला फडक्यात गुंडाळून, माझ्या पतींना न दिसता आत नेले. दुपारी मला बोलावून त्याचे कापलेले हाड दाखवले. हाडाने प्लास्टिकचा तुकडा धरला होता, ओढून निघत नव्हता. माझ्या पतींचे नाव आता घालणार का, हे मी विचारले नाही.

घरी पतींनी विचारले, "दूर गया का तो?" मी हो म्हणाले.

त्यांना चौकीवर बोलावल्यास हा जबाब त्यांच्यासमोर वाचू नये, ही विनंती.

मला गुजराती वाचता येत नसल्याने माझे सांगणे मराठीत लिहून घेतले. ते मला ऐकवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे.