राजकन्येचा शेवटचा भाग

नाही हो, डोकावत नव्हते मी. म्हणजे डोकावत होते, पण तुमच्या मोबाइलात नाही – ते मांडीवरचं पुस्तक बघत होते. छोटीचं ना? झोपली वाटतं. झोपू दे, या खुर्च्यांवर मोठ्यांची कंबर मोडते, ते तर लेकरू. जाऊ आहे का तुमची आत? होईल हो सगळं नीट. माझी मुलगी आहे आत. आठव्यातच ऑपरेशन करून काढतायत बाळ. बाराला नेलंय. आता एक वाजला ना? बरं. तर हे पुस्तक – हा शेवटचाच भाग ना? सोनेरी अक्षरांवरून ओळखला. धाकटी राजकन्या, घोड्याला घाबरते म्हणून बोकडावर बसते ती. मला कसं ठाऊक? अहो, नातीमुळे – आता नात कुठली, मुलीचं हे पहिलंच. जाऊ दे, तुमच्याशी काय खोटं बोलायचं, पुन्हा कधी भेटणार आहोत आपण? मीच वाचते. सगळे भाग झालेत, हा सोडून. कव्हरावर लिहिलंय ना, ‘वय वर्षे सहा ते नऊ’? त्या सहा नि नऊची बेरीज करा, तिची चौपट करा – तेवढी आहे मी. हसा, हसा, मलाही येतं हसू.

आवडण्यासारखं काय आहे म्हणता? एक तर प्रकरण छोटं. वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की सुरू करायचं, ते थांबेपर्यंत प्रकरण संपतं. अक्षर मोठं, चष्मा शोधत घरभर फिरायला नको. आणि त्या राजकन्येला काही हवं असलं ना, की ती सरळ म्हणते – मला हवंय. बस्स. ‘तुमचं सगळ्यांचं होऊ दे, उरलं तर बघू’ असं नाही म्हणत. आमच्या ह्यांना वाटतं, मी प्रार्थनेला बसते. प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पोटात बरोब्बर मावतो हो एक भाग! आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, ‘हिची अशी तंद्री लागते, दारावरची बेल ऐकू येत नाही.’ कशी येणार ऐकू? राजकन्या विहिरीत उतरली होती, वरून झाकण पडलं होतं, बेल कोण ऐकतंय! – प्रार्थना करते हो मी. ती वेगळी. पहाटे, हात जोडून, पुस्तकाबिस्तकाशिवाय. तिथे लबाडी नाही.

घ्या की वाचायला? अहो, तीच तर पंचाईत आहे. नवस आहे माझा. मुलीला दिवस राहिले तेव्हा केला – याआधी दोनदा रिकाम्या हातांनी घरी आणलंय तिला मी. तेव्हा म्हटलं, देवा, मूल जन्माला येईपर्यंत या पुस्तकांतलं अक्षर वाचणार नाही. याच्याहून आवडीचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच द्यायला. आता घरात विचारायला लागले, काय सोडलंस, काय सोडलंस? राजकन्या सोडली म्हणून सांगू? चहा सोडला म्हटलं. चहाचं मला मेलं कधी एवढं नव्हतंच! पण मुलीच्या डोळ्यांत पाणी – आई, माझ्यासाठी? – आणि जावयांनी काय करावं? तुम्ही सोडलात तर मीही सोडतो म्हणाले. दिवसाला सहा कप पिणारा माणूस! सहा महिने डोकं धरून बसतोय बिचारा माझ्या खोट्यापायी. तो बघा ना, तो खिडकीशी उभा, कपाळ चोळतोय – तेच आमचे जावई.

तर मी काय म्हणत होते – वाचणार नाही असं म्हटलंय मी. ऐकणार नाही असं कुठे म्हटलंय? शब्दाला मी पक्की आहे, शब्द ‘वाचणार’ असाच होता. तुम्ही छोटीसाठी वाचा, मी आपली शेजारी बसलेय, कान काही बंद करता येत नाहीत माणसाला. झोपली असली म्हणून काय झालं? मुलांच्या झोपेतही कानावर पडत असतं. शेवटचंच पान वाचा. नुसतं एवढंच सांगा, ते झाकण कोण उघडतं – ती स्वतः की बाहेरून कुणी? मला वाटतं, तीच उघडते. म्हणजे मी पाहिलंय तिला खांदा लावताना – नाही, चित्रात. चित्र बघणं म्हणजे काही वाचणं – थांबा. पान नका उलटू. थांबा हो!

वाचलं मी. गुरुवारी. दुकानात गेले होते दोरा आणायला, काचेत हेच ठेवलेलं, मागून घेतलं. उभ्या उभ्या दीड पान वाचलं. दीडच. घरी येते तर मुलीचे पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी, ब्लडप्रेशर कुठल्या कुठे – तशीच इथे आणली. डॉक्टरीणबाई म्हणतात, आठवडाभर आधीपासूनच चढत होतं, कुणाच्या काही केल्यानं झालेलं नाही. त्या शिकलेल्या आहेत. पण त्यांना दीड पानाचं कुठे माहितीये? ह्यांनाही नाही सांगितलं. तुम्हालाच –

उघडलं दार. जावई गेले पुढे. काय म्हणतेय हो ती सिस्टर? – कोण, मी? हो, आई मीच. – आणि ती? माझी मुलगी? – बरं. बरं.

शुद्धीवर आहे म्हणाली. बोलली म्हणे. मुलगी झाली. दीड किलोची आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, श्वासाला नळी लावलीय. पाच-सहा दिवस काही सांगता येत नाही म्हणाली. रडली म्हणे पण, बारीकशी. – नाही, मी कुठे रडतेय.

काय? हो, ‘जन्माला येईपर्यंत’ असंच म्हटलं होतं मी. बरोब्बर धरलंत, शब्द तोच होता. आली जन्माला. फिटला नवस. आता वाचलं तरी बोट ठेवायला जागा – नको. नको म्हणते ना. मला काय म्हणायचं होतं ते त्या देवाला ठाऊक आहे. न्या ते पुस्तक. उचला छोटीला, त्या पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसा, आणि माझ्याकडे पाठ करा.