मोठ्या अक्षरातलं माहेर

हॅलो? … हां, तेजस्विनी, हौशीमामाच बोलतोय, शिनोलीवरनं. अगं, फोनपाशीच बसलोय सकाळधरनं… हो, हो, सीडी मिळाली. यष्टीच्या कंडक्टरनं मामीच्या हातात दिली, वर इचारतोय, गाणी कुठली हाईत?

…न्हाई गं, डोळ्यांचं तसंच. तू दिलेला कॉम्प्युटर झ्याक हाय, लिनक्स बी झ्याक. पण त्या टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर अक्षर म्हंजे मुंगी! मात्रा एकीकडं, अक्षर दुसरीकडं. दिवाळीपासनं एक ओळ लिहिली न्हाई. खरं सांगू? धरणात गेलेलं मामीचं गाव लिहून काढायचं, ते आता ऱ्हायलंच, असं वाटत व्हतं. लई वाईट वाटायचं…

…हो, सीडीतनं ते जीविम बसवलं की, मोठ्या अक्षरात लिहायचं एडिटर! तू सांगितलं तसं, पासवर्ड देऊन आधी रूट झालो. म्हंजे मालकच. बिनबोभाट बसलं. पण एडिटर खिडकीत उघडाया गेलो, तर म्हणतोय, डिस्प्ले उघडता येत न्हाई… अगं ऐक ना, परत परत केलं!… आँ? अजून रूटच हाय का? … हाय की! एकदा मालक झाल्यावर उतरायचं कशाला, म्हटलं… हसू नको! हेडमास्तर व्हतो मी, खुर्ची सोडायची सवय न्हाई…

बरं, बरं… पडदा माझ्या नावानं चालू झालाय, रूटला त्याचा पत्ताच न्हाई… असं व्हय! उतरतो मग. एक्झिट… एंटर. आता? … जीविम… पुढं माझ्या फायलीचं नाव… एंटर…

थांब… थांब जरा… आली! अगं, पांढरी खिडकी आली! वर मेनू बी हाय!… एडिट… सिलेक्ट फॉन्ट… हां, सापडलं. आकडा बारा हाय… छत्तीस? टाकला…

…

…हाय, हाय, फोनवरच हाय. चष्मा पुसून परत बघत व्हतो. दिसतंय गं! भाकरीएवढं अक्षर! मात्रा जागच्या जागी! ऐक, दिवाळीआधी लिहिलेलं वाचतो… 'नदीच्या वळणावर साळूचं माहेर. दारात चाफा. चाफ्याखालनं वाकून गेलं की…'

…मामी व्हय? चुलीपुढनं उठून आली. खुर्ची वढून बसलीया माझ्या शेजारी… पोरी, लई उपकार झाले बघ… घरचं-बिरचं राहू दे, उपकारच हाईत. म्हणू दे मला… काय गं साळू? … हो, हो, सांगतो तिला…

तेजस्विनी, ठेवतो गं. तुझी मामी म्हणती, फोन ठेवा आन् पुढं वाचा. दारातच काय थांबलात, आत चला.